दोघांत एक कीबोर्ड

मल्लूनं कीबोर्ड धुऊन अंगणात वाळत घातला होता. रिक्षातून उतरून मी फाटक ढकललं तेव्हा आधी तोच दिसला. बाजेवर जुनं धोतर पसरून अव्वानं मिरच्या घातल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्यासारखाच उन्हाला टाकलेला, पिवळा पडलेला तो कीबोर्ड. वायर बाजेखाली लोंबत होती. कळांच्या फटींतून पाणी अजून ठिबकत होतं आणि खाली फरशीवर पडताच सुकत होतं. सोलापुरातलं चैत्राचं ऊन ते.

“माळ्यावर सापडला,” मल्लू म्हणाला. “लई घाण झाला होता, म्हणून धुतला.”

“कीबोर्ड धुतात का?”

“चालू थोडाच करायचाय, अक्का.”

मल्लू माझा धाकटा भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी लहान. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात तो सुपरवायझर आहे. त्याची बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, वैरागला गेली होती आणि बाळ घरी यायच्या आत घराला रंग द्यायचा म्हणून त्यानं माळा रिकामा करायला घेतला होता. अप्पांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांच्या वस्तूंतलं काय ठेवायचं, काय टाकायचं, हे मी आल्याशिवाय ठरवायला अव्वा तयार नव्हती. म्हणून मी पुण्याहून दोन दिवसांसाठी आले होते. आमच्या घरात अर्धं कानडी, अर्धं मराठी चालतं. आई ती अव्वा, वडील ते अप्पा, थोरली बहीण म्हणून मी अक्का.

मी पिशवी खाली ठेवून बाजेवर टेकले. कीबोर्डच्या डावीकडच्या चार कळांवरची अक्षरं पार पुसून गेली होती. उजवीकडचे बाण मात्र अजून दिसत होते. डावीकडची बाजू मल्लूची. तो खेळताना कळा दाबत नसे, कुटत असे. बाण माझे, कारण मी मोठी होते आणि बाण सोपे होते.

मी त्या चार कळांवरून बोट फिरवलं. पाण्यानं आणि उन्हानं त्या एकाच वेळी गार आणि गरम लागत होत्या. आत अव्वा कुणाशी तरी फोनवर बोलत होती. तिचा आवाज ऐकून मी आत जायचं टाळलं. हे मला नवं नव्हतं. गेली वीस-बावीस वर्षं या घरात पाऊल टाकलं की तिच्यासमोर जायच्या आधी मी अशीच घुटमळते. त्याचं कारण एवढं समोर, मिरच्यांशेजारी, उघड्यावर मांडलेलं मात्र कधी पाहिलं नव्हतं.

अप्पा चादरींची नक्षी काढायचे. मोर, वेलबुट्टी, कमळ, जे काही चादरीवर विणलं जाणार, ते आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून काढावं लागे. दिवसभर ते खिडकीपाशी मांडी घालून बसत आणि कानाला पेन्सिल लावून घरं मोजत. शेजारच्या शेडमध्ये यंत्रमाग चालायचे. त्यांचा खटक-खटक आवाज आमच्या भिंतीतून, फरशीतून, पाण्याच्या माठातूनही यायचा. माग बंद पडले की आम्ही झोपेतून जागे व्हायचो. हवेला ओल्या सुताचा आणि खळीचा वास असे. त्यातच दुपारी कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास मिसळला की उन्हाळा आला म्हणायचा.

मग कारखानदारांनी अप्पांना सांगितलं की आता नक्षी कॉम्प्युटरवर काढायची. त्यांच्या ऑफिसातलाच एक जुना कॉम्प्युटर त्यांनी आमच्या घरी पाठवून दिला. अप्पांनी त्याला हळदकुंकू लावलं. चादरीचा उरलेला तुकडा शिवून अव्वानं त्याला झगा केला. पडद्यावर नेमका मोर यायचा, त्यामुळे बंद कॉम्प्युटर एखाद्या लग्नाला निघाल्यासारखा दिसे. तो बसवायला आलेल्या माणसानं आम्हा दोघांकडं बघून अप्पांच्या नकळत त्यात एक गाड्यांचा खेळ टाकून दिला.

त्या खेळात कुणी मरत नसे. गाड्यांना डोळे होते, भुवया होत्या, आणि मागं पडली की गाडी ओठ काढायची. रस्त्यात मध्येच गाय यायची. तिला धडक बसली की ती सरळ आभाळात जायची, खाली येऊन पुन्हा उभी राहायची आणि गाडीकडं बघून नको-नको अशी मान हलवायची. मल्लू त्या गाईसाठी वेडा होता. शर्यत सोडून तिच्याकडंच गाडी घालायचा. पडदा आडवा दोन भागांत चिरलेला असे, वरचा अर्धा माझा, खालचा त्याचा. रस्त्यांना आम्ही आमची नावं दिली होती. बर्फातला रस्ता म्हणजे फ्रीज. वाळवंटातला म्हणजे मे महिना. एक नुसताच वळणावळणाचा, खड्ड्यांचा होता, तो अक्कलकोट रोड.

एका खुर्चीवर दोघं. माझी उजवी मांडी खुर्चीबाहेर, त्याची डावी. वळण आलं की आम्ही दोघंही वळायचो, आणि उजवं वळण असलं की तो माझ्या अंगावर येऊन आदळायचा. त्याच्या केसांना खोबरेल तेलाचा आणि शाळेतल्या खडूचा वास यायचा. संध्याकाळी चहा घेऊन अप्पा काढलेली नक्षी द्यायला कारखान्यात जात. ते परत येईपर्यंतचा तास आमचा. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत असे. त्यातून येणारी गरम, जराशी जळकट हवा मला अजून कुठं आली तर मी थांबते.

अव्वा स्वयंपाकघरातून दर पाच मिनिटांनी ओरडायची. “डोळे जातील रे. साकु आता.” साकु म्हणजे पुरे. अप्पांचंही तेच म्हणणं होतं. ते स्वतः दिवसभर त्याच पडद्यासमोर बसत, पण आम्हाला सांगत की एकाच्या जरी डोळ्याला काही झालं तर हे यंत्र त्याच दिवशी परत पाठवीन. ते पोकळ बोलत नसत, हे आम्हाला ठाऊक होतं.

मल्लू दुसरीत होता, मी सहावीत. तो माझ्याहून चांगला खेळायला लागला होता. सात वर्षांचं पोर मला रोज हरवायचं आणि मग हात वर करून घरभर धावायचं. मला ते सहन होईना. म्हणून मी एक नियम काढला. जो सलग दोनदा जिंकेल, त्यानं तिसऱ्या वेळी एका डोळ्यावर रुमाल बांधून खेळायचं. कोणता डोळा, ते हरणाऱ्यानं ठरवायचं.

पहिल्या दिवशी मी त्याचा उजवा डोळा बांधला. अप्पांचा मोठा, निळ्या काठाचा रुमाल. तरीही तो जिंकला आणि वर म्हणाला, मला तर काही फरकच पडला नाही. दुसऱ्या दिवशी मी डावा बांधला.

त्याची गाडी सुरुवातीलाच कुंपणात घुसली. मागं आली, पुन्हा कुंपणात. गाय समोर उभी होती, तीही त्याला दिसली नाही. मी पोट धरून हसत होते. तो सोंग करतोय असं मला वाटलं होतं. मग तो कळांवरचे हात काढून बसला आणि म्हणाला, “अक्का, सगळा धूर झालाय.”

मी रुमाल सोडला. तो डोळे मिचकावून म्हणाला, आता दिसतंय.

त्यानंतर तो जिंकला की आर्जवं करायचा, उजवा बांध की, उजवा बांध. मी डावाच बांधायची. चार-पाच दिवस हे चाललं. एका संध्याकाळी मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी खेळ थांबवला आणि त्याला अंगणाच्या त्या टोकाला उभं केलं. डावा डोळा झाकायला सांगितला आणि तीन बोटं दाखवली. तो म्हणाला, पाच. मी एक दाखवलं. तो म्हणाला, हात दिसतोय, बोटं न्हाईत. मी जवळ, आणखी जवळ गेले. पेरूच्या झाडापाशी आले तेव्हा कुठं त्यानं बरोबर सांगितलं.

मी अकरा वर्षांची होते. मला समजलं होतं. मला काहीच कळत नव्हतं असं सांगायला मला आवडलं असतं, आणि बऱ्याच वर्षांत मी स्वतःला तसं सांगूनही पाहिलं. पण त्या संध्याकाळी अंगणात मला स्वच्छ कळलं होतं की माझ्या भावाला उजव्या डोळ्यानं दिसत नाही. आणि त्यानंतर लगेच, अगदी त्याच श्वासात, मनात आलं की अप्पा आता कॉम्प्युटर परत पाठवतील.

तो विचारत होता, अव्वाला सांगू का.

मी त्याचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, “कुणाला सांगायचं न्हाई. सांगितलंस तर खेळ गेला. सिद्धेश्वराची शपथ घे.”

त्यानं घेतली. गळ्याला चिमटा लावून, डोळे मिटून, मोठ्यांसारखी. मग आम्ही आत जाऊन अक्कलकोट रोड खेळलो.

तीन वर्षं गेली. ती वाईट वर्षं होती असं मला म्हणता येत नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त टोचतं. ती फार गोड वर्षं होती. उन्हाळ्यात अव्वा कडक भाकरीचा चुरा करून त्यात दही आणि शेंगाची चटणी घालून द्यायची. कॉम्प्युटरपुढं खायचं नाही म्हणून आम्ही जमिनीवर बसून भराभरा गिळायचो आणि बोटं चाटत खुर्चीवर चढायचो. लाइट गेली की कूलर थांबे, पडदा काळा होई आणि त्यात आमची दोघांची तोंडं दिसत. मल्लू काळ्या पडद्यातल्या मला वेडावून दाखवायचा. शेजारचे मागही थांबलेले असत. तेवढ्या शांततेत तो तोंडानंच गाडीचा आवाज काढून शर्यत पूर्ण करायचा, आणि त्या शर्यतीत नेहमी मला जिंकू द्यायचा.

संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरायची. मल्लूला तिथं पाळणे नको असत, मौत का कुआँ हवा असे. लाकडी फळ्यांच्या विहिरीत उभ्या भिंतीवर फिरणारी ती मारुती गाडी बघताना तो मान उजवीकडं वळवून, डावा डोळा पुढं काढून बघायचा. अव्वा म्हणाली, मान वाकडी करून काय बघतोस रे, सरळ बघ की. तो हसला आणि त्यानं मान सरळ केली. मला ठाऊक होतं तो तसा का बघतो. माझ्या हातात गरम भजी होती. मी ती खात राहिले.

तो पाचवीत असताना शाळेत डोळे तपासायला लोक आले. बाईंनी चिठ्ठी दिली. अप्पा, अव्वा, मल्लू आणि मी, असे चौघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथं औषधाच्या थेंबांचा आणि ओल्या फडक्याचा वास होता. डॉक्टर वयस्कर होते, सावकाश बोलायचे. त्यांनी अप्पांना समजावून सांगितलं की डोळा वरून धडधाकट दिसतोय, पण जन्मापासून त्याचा नंबर फार जास्त आहे. त्यामुळे मेंदूनं त्या डोळ्याकडून काम घेणंच सोडून दिलंय. सहा-सात वर्षांचा असताना आणला असता तर चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून हा डोळा बराच सुधारता आला असता. आता प्रयत्न करू, पण फार आशा ठेवू नका.

अप्पांनी विचारलं, कॉम्प्युटरमुळे झालं का. डॉक्टर म्हणाले, कॉम्प्युटरचा काही संबंध नाही.

मी खाली बघत होते. काहीही संबंध नव्हता. तीन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तरी डॉक्टर हेच म्हणाले असते. आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे डाव्या डोळ्यावर, ती तर मीच बांधत होते. औषध म्हणून बांधायची ती मी शर्यत जिंकायला बांधली होती.

मग डॉक्टरांनी मल्लूला जवळ घेतलं आणि विचारलं, तुला आधी कधी जाणवलं नाही का रे बाळा, की एका डोळ्यानं कमी दिसतंय.

मल्लूनं माझ्याकडं पाहिलं. फक्त क्षणभर. मग म्हणाला, “न्हाई.”

सहा महिने पट्टी बांधून झाली. डॉक्टरांच्या अक्षरांच्या तक्त्यावरची वरची एक ओळ त्या डोळ्याला दिसायला लागली, त्यापुढं काही नाही. अप्पांनी कॉम्प्युटर परत पाठवला नाही. पण आमचा खेळ आपोआप बंद पडला. मी नववीत होते, अभ्यास आहे असं सांगायला लागले. मल्लू एकटा खेळायचा नाही.

अव्वाचं मात्र वेगळंच झालं. शेजारच्या एका बाईंनी तिला विचारलं, मल्लूच्या वेळी पोटुशी असताना ग्रहण पाळलं होतंस का. अव्वाला आठवलं की सातव्या महिन्यात एक ग्रहण लागलं होतं. घरात पाहुणे होते म्हणून तिनं त्या वेळात विळीवर वांगी चिरली होती. झालं. माझ्या हातानंच माझ्या लेकराचा डोळा गेला, हे तिनं धरलं ते धरलंच. ती दर अमावास्येला अळणी जेवायला लागली. सणाला अमावास्या आली तरी तिचं ताट वेगळं. मल्लूची उजवी बाजू ती कायम राखायची. रस्त्यानं चालताना त्याच्या उजवीकडून चालायची, तो वीस वर्षांचा झाला तरी.

मल्लूला रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. लहानपणी पुलावर उभं राहून तो इंजिनं बघायचा आणि पुढं परीक्षाही पास झाला. डोळ्यांच्या तपासणीत त्याला परत पाठवलं. तो दोन्ही डोळ्यांनी नीट दिसणाऱ्यांचा धंदा होता. तोवर माझं लग्न होऊन मी पुण्याला होते. अव्वाचा फोन आला. ती रडत होती आणि तेच म्हणत होती, विळी, वांगी, ग्रहण. मी तिला चांगलं अर्धा तास समजावलं. ग्रहणानं काही होत नाही, ही सगळी अंधश्रद्धा आहे, सावलीचा खेळ असतो तो, डॉक्टर काय म्हणाले होते आठव. सगळं खरं सांगितलं. एक सोडून.

या सगळ्यातलं काहीही मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

त्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही माळा उपसला. अप्पांचे चौकटीचे कागद निघाले, कडा उंदरांनी खाल्लेले. अर्धाच रंगवलेला एक मोर निघाला. तो अव्वानं मागून घेतला. कॉम्प्युटरचा पडदा आणि डबा भंगारात द्यायचं ठरलं. मल्लू आणि मी चहा घेऊन अंगणात बसलो. तो माझ्या डावीकडं बसला, म्हणजे त्याचा चांगला डोळा माझ्याकडं नव्हता, आणि बोलताना त्याला पूर्ण वळावं लागत होतं. मी उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. त्यानं ते पाहिलं.

मी सांगायला सुरुवात केली. नीट जुळवून सांगता आलं नाही. रुमालाचं सांगितलं, पेरूच्या झाडाचं सांगितलं. त्यानं मधेच हात वर केला.

“मला आठवतंय, अक्का. सगळं.”

“मग कधी बोलला का नाहीस?”

“शपथ घातली होतीस की.” तो जरा हसला, मग हसू गेलं. कपातला चहा त्यानं गोल फिरवला. “खोटं कशाला बोलू. रेल्वेच्या वेळी लई राग आला होता तुझा. सहा महिने तुझा फोन उचलत नव्हतो बघ.”

मला ते आठवत होतं. तो दुःखात आहे, त्याला एकटं सोडावं, असं मी तेव्हा मनाशी ठरवलं होतं. मला ते सोयीचं होतं.

“आता?” मी विचारलं.

“आता काय. मी बी सांगू शकलो असतो. मला बी गेम पाहिजे होती.” त्यानं कप खाली ठेवला. “माझं सोड. मला सांगून काय उपयोग? अव्वाला सांग.”

मग त्यानं सांगितलं की बायकोला दिवस गेल्यापासून अव्वा तिला रोज फोन करते. सकाळी मी आले तेव्हाही तेच चाललं होतं. विळी हातात धरू नकोस, सुई धरू नकोस, ग्रहण कधी आहे ते कॅलेंडरात बघून ठेव. ती बिचारी घाबरली आहे. आणि फोन ठेवला की अव्वा देवापुढं बसून रडते, म्हणते की माझं पाप नातवंडावर येऊ नये.

“वीस-बावीस वर्षं झाली, अक्का,” तो म्हणाला. “म्हातारी झाली ती. आता तरी सांग.”

अव्वा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून शेंगा फोडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि मीही फोडायला लागले. दोन मुठी फोडून झाल्या. मग मी खाली बघूनच सांगितलं. या वेळी क्रमानं सांगितलं. खेळ, नियम, रुमाल, बोटं, शपथ. डॉक्टर काय म्हणाले होते तेही पुन्हा सांगितलं, आणि मला ते तीन वर्षं आधी ठाऊक होतं, असंही. ग्रहणानं काही झालं नव्हतं, अव्वा. मी सांगितलं नाही म्हणून झालं.

तिचे हात चालत राहिले. मग थांबले.

“कितवीत होता तो?”

“दुसरीत.”

“आन् डॉक्टरकडं नेला तवा पाचवीत.” तिनं बोटांच्या पेरांवर मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. मला वाटलं ती ओरडेल, किंवा रडेल. दोन्हीची मी तयारी केली होती. ती फार हळू बोलली.

“डोळ्याचं जाऊ दे. लेकरू होतीस. खेळाच्या नादात होतीस.” तिनं हातातली शेंग खाली ठेवली. “पर नंतर मी रडायची, तवा तू शेजारी बसून माझी पाठ चोळायचीस की ग.”

हे मी विसरले होते.

सगळं लक्षात ठेवलं होतं मी. रुमालाचा काठ, गाईची मान, दवाखान्यातला वास. एवढी वर्षं घासून घासून ते दिवस मी जपले होते, स्वतःला शिक्षा म्हणून. आणि त्यात हे नव्हतंच. तिनं म्हटलं तेव्हा माझ्या तळहाताला आठवलं. तिच्या पोलक्याचं सुती, घामानं ओलसर कापड आणि त्याखाली हुंदक्यांनी हलणारी पाठ. रडू नको अव्वा, रडू नको, असं म्हणणारी चौदा वर्षांची मी.

ती उठली, शेंगांचं सूप उचललं आणि देवघराच्या खोलीत गेली. त्या संध्याकाळी तिनं मला वाढलं, पण मी काय खाते, किती खाते ते बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी निघाले तेव्हा चटणीचा डबा भरून पिशवीजवळ ठेवलेला होता. ती स्वतः दारात आली नाही. मल्लू मला स्टँडवर सोडायला आला. वाटेत म्हणाला, थोडा वेळ दे तिला.

महिनाभर तिचा फोन नव्हता. मी केला तर मल्लू उचलायचा, जेवतेय म्हणायचा, झोपलीय म्हणायचा. मधे अमावास्या येऊन गेली. मी भीत भीत विचारलं. तो म्हणाला, अळणीच जेवली. म्हणाली, आता सवय झाली.

परवा सकाळी तिचा फोन आला, वैरागहून. मी ऑफिसला निघाले होते. पायात एकच चप्पल होती आणि तशीच उभी राहिले.

मुलगी झाली म्हणून सांगितलं तिनं. केस भरपूर आहेत, रंग मल्लूवर गेलाय, बाळंतीण बरी आहे. एखादा दिवसही मधे गेला नसावा अशा आवाजात ती सगळं सांगत होती. मग म्हणाली, डोळे कधी दाखवायचे ते डॉक्टरांना मीच विचारून घेतलंय. लहानपणीच दाखवायचे, आणि मग दर वर्षी. कागदावर लिहून घेतलंय मल्लूकडून.

“बरं केलंस, अव्वा.”

मागून बाळाचा रडण्याचा बारीक आवाज येत होता आणि कुणीतरी त्याला चुप-चुप करत होतं.

“मी लई विचार केला,” ती म्हणाली. “लेकरं भ्यायली की सांगत न्हाईत. डोळे जातील, डोळे जातील म्हणून मीच तुमच्या मागं लागायची. अप्पा बी. तुमी कशाला सांगताल? माझंच चुकलं बघ.”

मी भिंतीला टेकले. ग्रहणाचं ओझं मी तिच्या डोक्यावरून उतरवायला गेले होते आणि महिनाभर एकटीनं बसून तिनं त्या जागी दुसरं शोधून आणलं होतं. हो म्हणणं फार सोपं होतं. ते खोटंही नव्हतं. आम्ही भ्यायलो होतोच. तिनं माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं आणि मला फक्त आत जायचं होतं.

“नाही अव्वा,” मी म्हटलं. “तू रागावशील म्हणून नाही. मला खेळायचं होतं म्हणून.”

पलीकडं बाळ अजून रडत होतं.

“व्हय,” ती म्हणाली. “ते बी असंल.”